कांदेकाढणी आणि कुसुमचा खर्डा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे कांद्याच्या माना कापणं. रविवारची दुपार होती. अंगणात लिंबाच्या सावलीला वाळलेल्या कांद्याचा ढीग. ढिगाच्या एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला माझी बायको भागीरथी, आणि मध्ये पोतं अंथरून तिच्या भावाची पोरगी कुसुम. कुसुम कॉलेजच्या निबंधाचे कागद मांडीवर घेऊन मोठ्यानं वाचत होती आणि आम्ही कापता कापता ऐकत होतो. भागू कांदा उचलायची, सुकलेली पात विळ्यानं उडवायची, कांदा डाव्या हाताला टाकायची. मान बोटभर ठेवायची. फार जवळून कापली तर कांदा तोंडातून सडतो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि तिनं कुणाला शिकवलंही नाही. नुसतं कापत राहायची.

सोमवारी मी बैलगाडी जुंपून चाकणच्या बाजाराला गेलो. परत आलो तेव्हा ती राहिली नव्हती. म्हणून ते काम शेवटचं. त्या दुपारी मला तसलं काही वाटलं नव्हतं. ढीग फार मोठा आहे आणि पोरगी फार लांबलचक वाचते, एवढंच वाटलं होतं.

आता वर्ष झालं. रानात पुन्हा पाती माना टाकून पडल्यात. कासारवाडीच्या टेसनावर सकाळच्या पॅसेंजरला पोरं उभी असतात, हातात पुस्तक, ओठ हलतायत, गाडी समोर येऊन उभी राहिली तरी नजर वर नाही. कांदेकाढणी आणि परीक्षा आमच्याकडं एकदमच येतात. पूर्वी परीक्षेचं मला काही देणंघेणं नव्हतं. आता एक आलं की दुसरं आठवतंच.

मी चौथीपर्यंत शिकलो, तेही मास्तर घरी येऊन बखोट धरून नेत म्हणून. कुसुमच म्हणाली, "मामा, तुम्ही बोलता तसं लिहून काढा." लिहितोय. खोडायचं काम तिचं.

एक गोष्ट आधीच सांगतो. कांद्याच्या अंगणात बसून म्हाताऱ्याच्या डोळ्यात पाणी आलं, असं कुणी लिहिलं तर समजावं की त्यानं कांदा फक्त ताटात बघितलाय. ओला कांदा चिरला की डोळे झोंबतात. रानात वाळलेल्या कांद्याची मान कापताना काही होत नाही. नाकात धूळ जाते, बोटांना लालसर सालपटं चिकटतात, आणि दुपारचा वारा सुटला की ती सालपटं अंगणभर पळत सुटतात. कुसुमच्या कागदांवरही बसायची. ती फुंकर मारून पुढं वाचायची.

*

कुसुम आमच्याकडं राहायला आली कारण आमचं घर टेसनापासून चालत जाण्याजोगं. पुण्याला बायकांचं कॉलेज होतं, तिथं सगळं शिकवणं मराठीतून. शेवटचं वर्ष. भागूच्या भावानं, म्हणजे तिच्या बापानं, आमच्या ओट्यावर बसून बजावलं होतं, "या साली निकाल लागला तर हिनं नोकरी करावी, मी आडवा येत न्हाई. न्हाई लागला तर घरी. स्थळं सांगून येत्यात, मी किती जनांना थांबवू?" कुसुम मान खाली घालून पोह्यांत चमचा फिरवत होती. चमचा वाजत होता तेवढंच.

परीक्षेला बसायच्या आधी एक निबंध द्यायचा होता. पुस्तकातनं उतरवलेला चालत नाही, स्वतः माणसांत जाऊन, विचारून, ताडून लिहायचा. तो बाईंना पसंत पडला तरच परीक्षेला बसू देणार. पहिलं कच्चं लिखाण म्हणजे खर्डा. भागूनं खर्डा म्हटल्यावर विचारलं होतं, "वाटला का पाट्यावर?" आणि स्वतःच हसली होती. पुढं घरात तो शब्द तसाच राहिला. कुसुम कागद घेऊन बसली की भागू म्हणायची, "झाला का गं तिखट?"

निबंधाचा विषय आमच्या गावातली सावड. शहरातल्या लोकांना सांगायला हवं. आज तुम्ही माझ्या रानात यायचं, उद्या मी तुमच्या रानात. विळा ज्याचा त्यानं आणायचा, भाकरी रानवाल्यानं द्यायची, आणि आलेला दिवस फेडायचा. मजुरी नाही, उपकार नाही. कांदा एका घराच्या हातांनी निघत नाही, म्हणून सावड.

पण पिंपरीकडं कारखाने उभे राहिले. आमच्या गावची तरणी पोरं भोंग्यावर उठायला लागली. सायकलींची रांग सकाळी जायची, दुपारी दुसरी यायची. कुसुमनं विचारलं, सावडीचं काय झालं? आणि ती पहिल्यांदा कुणाला विचारणार? आत्यालाच. भागू भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "सावड मोडली, आता नुसती दया उरली."

तिचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. दोन वर्षं आम्हाला सावडीचं बोलावणं आलं नव्हतं. आमचा कांदा मात्र शेजारची कोंडाबाई आणि तिच्या बरोबरीच्या बाया न सांगता येऊन काढून देत. भागू फेडायला निघाली की म्हणत, "राहू द्या, पुढं बघू." भागूच्या ते जिव्हारी लागलं होतं. कांद्याचं ओझं देऊ केलं तर त्यांनी तेही घेतलं नाही. मग भागू कोंडाबाईशी कामापुरतंच बोलायला लागली. मलाही वाटत होतं, मोडलीच म्हणायची.

कुसुमनं ते वाक्य जसंच्या तसं उचललं. निबंधाचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा केला. कॉलेजच्या बाईंनी पहिला खर्डा वाचला आणि त्याच वाक्याखाली तांबड्या शाईची रेघ ओढून बाजूला लिहिलं, "उत्तम." कुसुम टेसनापासून घरापर्यंत पळत आली होती. भागूला ती रेघ दाखवली. भागूनं पदरानं हात पुसले आणि कागदाला बोट न लावता नुसतं वाकून बघितलं. आपण बोललेलं असं दिसतं होय, असं काहीतरी तिच्या तोंडावर होतं.

बाकीचा खर्डा मात्र बाईंनी परत पाठवला होता.

*

परत का पाठवला ते ऐकून मी पोट धरून हसलो. बाईंचा नेम असा की मुलींनी आधी एकमेकींचे खर्डे तपासायचे, चुका दाखवायच्या, मग बाईंकडं द्यायचे. कुसुमची जोडीदारीण इंदू. ती दापोडीची. वडील कोकणातून येऊन तिथल्या वर्कशॉपात चिकटलेले, घर रुळांच्या कडेला, गाडी गेली की फडताळातली भांडी बोलतात असं. दोघींनी एकमेकींचे कागद तपासले. कुसुमनं आधी आपल्या खर्ड्यावर इंदूनं किती खुणा केल्यात ते बघितलं आणि तेवढ्याच केल्या. एक कमी नाही, एक जास्त नाही.

"असं का गं?" मी विचारलं.

"मामा, तिनं माझ्या खर्ड्यावर जेवढ्या केल्या तेवढ्याच मी केल्या. जास्त केल्या असत्या तर तिला वाटलं असतं मी उट्टं काढतेय. कमी केल्या असत्या तर तिचा दिवस माझ्याकडं राहिला असता."

म्हणजे पोरीनं कागदावर सावड घातली! इंदूनंही पुढच्या फेरीत तसंच केलं. चुका जिथल्या तिथं राहिल्या आणि खुणा मात्र बरोबर फिटल्या. बाईंनी दोघींना समोर उभं करून विचारलं होतं, हे तपासणं आहे की हळदीकुंकू?

भागू म्हणाली, "आगं, माझ्या रानात जेवढं गवत तेवढंच तुझ्या रानात असतंय व्हय? फेडायचा तो दिवस. गवत असंल तेवढं उपटायचं."

मी म्हणालो, "आन् उपटताना कांदा उपटू नगं."

"तुमी गप बसा, तुमाला कांदा आन् गवत अजून वेगळं कळत न्हाई." लग्न झालं त्या साली मी एकदा खुरपताना कांद्याची रोपं काढली होती. बाई ते म्हातारपणापर्यंत विसरली नाही.

तेव्हापासून वाचून दाखवायचं सुरू झालं. कुसुम वाचायची, आम्ही कांद्याला बसलेलो. ठरवून काही केलं नव्हतं, पण कुसुमच्या ध्यानात आलं की वाक्य सरळ असलं की आत्याचा विळा चालू राहतो आणि वाक्यात काही अडलं की थांबतो. मग हात थांबला की ती समासात पेन्सिलीची बारीक खूण करायची. भागूला हे कळल्यावर ती मुद्दाम थांबायची, चिडवायला. 'परस्परावलंबित्व' असा एक शब्द होता. त्याच्यापाशी भागू थांबली आणि म्हणाली, "हे पाव्हणं कुठलं?"

"आत्या, म्हणजे एकमेकांवर भार टाकून उभं राहणं."

"मग तसं लिही की. पाव्हण्याला कशाला उन्हात उभं केलंस?"

कुसुमनं तो पाहुणा काढला. आणखीही पुष्कळ काढलं. 'अत्यंत' हा शब्द तिला फार आवडायचा. मी म्हणालो, मीठ एकदाच घालतात. लिहिलेलं तिनं चार दिवस फडताळावर टाकून ठेवायचं ठरवलं आणि मग काढून वाचलं, तेव्हा स्वतःच म्हणाली, "हे कुणी लिहिलं, मामा? मला तर झोप यायला लागली." मला ते पटलं. रानातून काढल्या काढल्या कांदा साठवणीच्या चाळीत भरला की आतून नासतो. त्याला उन्हावाऱ्यात पडू द्यावा लागतो. जो टिकायचा तो टिकतो, जो पाणचट तो आपोआप मऊ पडतो. माणूस आपलं लिहिणं ताजं ताजं बघतो तेव्हा त्याला सगळंच टणक वाटतं.

पण एक वाक्य होतं, त्याला तिनं हातही लावला नाही. सावड मोडली, दया उरली. तिथं आल्यावर तिचा आवाज बदलायचा. मंगलाष्टकाच्या शेवटच्या ओळीसारखा वर चढायचा. आणि भागू तिथं कधी थांबत नसे. स्वतःचं वाक्य कुणाला अडतं?

*

इंदू आली ती एका सुट्टीच्या सकाळी. उंच, काळीसावळी, चपला दारातच नीट जोडून ठेवणारी. तिच्या हातात कुसुमचा खर्डा होता आणि तोंडावर असं होतं की कुणाच्या तरी घरी वाईट बातमी घेऊन आलीये. भागू परड्यात गाईला पाणी दाखवत होती. मी ओट्यावर विळ्याला धार लावत होतो.

"या वेळी मी मोजून खुणा नाही केल्या," इंदू म्हणाली. "एकच केलीय."

कुसुमनं पान उघडलं. तांबड्या रेघेच्या शेजारी, 'उत्तम'च्या खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं: हे तुला कुणी सांगितलं?

"आत्यानं सांगितलं. तुला माहितीय."

"आणि?"

"आणि काय? मामाही तेच म्हणतात."

"म्हणजे एक घर झालं. गाव कुठंय गो?"

कुसुम तडकली. "माझी आत्या खोटं बोलते असं म्हणायचंय तुला? बाईंनी उत्तम लिहिलंय. बाईंपेक्षा तुला जास्त कळतं?"

"बाईंनी तुझं गाव बघितलेलं नाही. मीपण नाही. म्हणून तर विचारतेय. खोटं नाही म्हणत मी. एकाच घरचं आहे म्हणतेय."

"मग तू असं कर, तुझ्या निबंधात लिही. माझ्यात कशाला नाक घालतेस?"

"कारण तू मला दिलास," इंदू म्हणाली. "आणि हा परत आला तर तुझे बाबा तुला न्यायला येतील."

मला ती पोरगी त्या घडीला आवडली. मी विळा खाली ठेवला आणि म्हणालो, "चला. कोंडाबाईचं रान पलीकडच्या बांधाला हाय. विचारायला काय पैसं पडत न्हाईत."

कोंडाबाईच्या रानात बायांची ओळ लागलेली होती. वाकून कांदे उपटत होत्या, आणि हसणं लांबूनच ऐकू येत होतं. ओळीत वेगवेगळ्या घरच्या बाया होत्या. ज्यांची पोरं, नवरे सकाळच्या पाळीला गेलेले त्या आत्ता आलेल्या. ज्यांचे दुपारच्या पाळीला जायचे, त्या डबे भरून देऊन मागनं येणार होत्या. कुसुमनं विचारलं, "कोंडामावशी, ह्या मजुरीनं आल्यात?"

"मजुरी? तुझ्या बापाची पेढी हाय का इथं?" कोंडाबाई कंबर सरळ करत म्हणाली. "सावड हाय. आज माझ्याकडं, परवा हिच्याकडं. पुरुष गेलं भोंग्याच्या मागं, म्हून आमी घड्याळ बघून सावड घालतो, एवढंच. नायतर कांदा काय भोंगा वाजला की आपआपला वर येतो?"

बाया खिदळल्या. कुसुमचा चेहरा उतरला होता. तिनं हळूच विचारलं, "मग आत्याला का नाही बोलवत?"

कोंडाबाईनं माझ्याकडं बघितलं. मग पोरीकडं. "बोलावलं की ती येनार. आली की तरण्या बाईच्या वरताण वाकनार. तिच्या छातीचा भाता झालाय, बाजारवाटंवर चार वेळा बसती ती. तुमच्या लक्षात न्हाई आलं? तिच्या रानात आमी जातोच की. तिनं आमच्याकडं खपलेल्या वर्सांचं काय फिटलंय व्हय अजून? पर तिला सांगायला गेलं तर म्हनंल, मला म्हातारी म्हनता. म्हून न्हाई बोलावत."

बांधावरून परत येताना इंदू एवढंच म्हणाली, "माझी खूण खोडून टाक, कुसुम. मी काही त्यासाठी नव्हती केली." कुसुम म्हणाली, "आता खोडून काय?" आणि मग तिनं इंदूचा हात धरला. पोरींचं भांडण असं मिटतं, मधे एक माणूस चालत असला तरी.

मी भागूला काही बोललो नाही. लिहिणारी कुसुम, सांगायचं तिनं.

*

तिला ते जड गेलं. दिवसभर ती तो कागद घेऊन फिरायची. मला म्हणाली, "मामा, सगळ्या निबंधात हे एकच वाक्य चांगलं आहे. तेच काढू?" मी म्हणालो, "चांगलं हाय म्हून खरं हाय का?" "पण आत्याला काय सांगू? की सावड चालूय आणि तुला वगळून चालूय?" कुणी मला विचारलं की म्हातारपणाचं दुःख काय, तर मी गुडघे सांगणार नाही. लोक आपल्याला सांभाळून घ्यायला लागतात आणि ते आपल्याला कळत नाही, ते सांगेन.

शेवटी तिनं लिहिलं. आणि त्या रविवारी दुपारी वाचलं. पहिल्या पानांना भागूचा विळा एकदाही अडला नाही. मग ते आलं. कुसुमचा आवाज सपाट होता, रेशनच्या दुकानात नावं वाचतात तसा. "गावातील सावड मोडलेली नाही. स्त्रियांनी ती कारखान्याच्या पाळ्यांप्रमाणे बदलून घेतली आहे. मात्र ज्या घरात दिवस फेडण्याइतके हात उरले नाहीत, त्या घराला बोलावणे येत नाही. त्या घराचे काम मात्र होते."

विळा थांबला.

कुसुमनं पेन्सिल उचलली सुद्धा नाही. गाय परड्यात पाय आपटत होती. सालपटं अंगणातनं दाराकडं पळाली.

"हे आपलंच घर न्हवं?" भागूनं विचारलं.

"व्हय, आत्या."

"कोंडी बोलली हे?"

"व्हय."

"तोंडावर सांगायला काय झालं हुतं मेलीला? दोन वर्सं मी तिच्या दाराकडं पाठ करून बसले." मग ती माझ्याकडं वळली. "तुमाला ठाव हुतं?"

"चार दिस झालं."

"आन् गप ऱ्हायलासा. तुमी. ज्यांच्या तोंडात तीळ भिजत न्हाई." आणि ती हसली. मी तिचं हसणं लहानपणापासून, म्हणजे तिचं लग्न झालं तेव्हापासून, बघितलंय. हे निराळं होतं. डोक्यावरची पाटी कुणी उतरून घेतल्यावर बाई हसते तसं. "माझं वाक्य खोड, कुसे."

"आत्या, त्याच्याखाली बाईंनी रेघ—"

"मी रागात बोलले हुते गं. रागातलं चांगलंच लागतं कानाला. खोड."

कुसुमनं जुन्या खर्ड्यात ते वाक्य खोडलं. भागूनं पुढचा कांदा उचलला. आणि संध्याकाळी भाकरी वाढताना म्हणाली, "उद्या कोंडीच्या रानात जाते. बोलावनं-बिलावनं काय न्हाई. विळा घेऊन जाते." मी म्हणालो, "तिनं काय सांगितलंय ऐकलंस न्हवं?" तर म्हणाली, "मी म्हातारी झालीय, पाव्हणी न्हाई."

ती गेली. मी बाजाराला, ती रानात. कोंडाबाईनं मला नंतर सांगितलं ते असं: भागू ओळीत शिरली, कोंडाबाईला सगळ्यांदेखत शिव्या घातल्या, कोंडाबाईनं दिल्या, दोघी हसल्या. ऊन चढेपर्यंत ती वाकून काम करत होती. मग सगळ्यांच्यात बसून भाकरी खाल्ली. झुणका खारट झाला म्हणाली. बांधाला टेकली, पदर तोंडावर घेतला. बायांना वाटलं डुलकी लागली.

दिवस मावळायच्या आत सगळं आटोपलं.

*

पुढचं ताणून धरायला मला येत नाही, म्हणून सांगून टाकतो. कुसुम पास झाली. चाकणच्या अंगाला एका शाळेत शिकवते. इंदूही पास झाली. तिचं पत्र येतं, त्यात माझ्या तब्येतीची चौकशी असते आणि मी खरं सांगतोय का असा सवाल असतो. लोक मला विचारतात, एकट्याचं कसं चालतं? चालतं. सकाळी चहा मी करतो, साखर जास्त पडते. तिच्या बाजूची जागा रिकामी आहे ती रिकामी आहे, तिथं मी काही ठेवत नाही. गावातले शहाणे सांगतात, मन रमवा. मन काय लहान पोर आहे, खुळखुळा वाजवायला? जे नाही ते नाही म्हणावं आणि कामाला लागावं, असं माझं मत. रडू येतं तेव्हा येतं. कामात येत नाही असं कुणी सांगितलं?

पण मला सांगायची आहे ती मंगळवारची सकाळ. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीची. निबंध बाईंच्या हातात द्यायचा तो शेवटचा दिवस होता. घरात सुतक. भावकीतल्या बायका आदल्या संध्याकाळीच म्हणत होत्या, पोरीनं कशाला उंबरा ओलांडायचा, परीक्षा काय पळून जाते? जाते. या एका बाबतीत परीक्षा आणि माणूस सारखेच.

मी कुसुमला म्हणालो, "कागद आण. वाच. मग गाडी गाठ."

ती न्हाणीघराशी तोंड धुऊन आली. डोळे सुजलेले. सगळं नाही, तो भागच वाचायला सांगितला. तिनं वाचलं. "सावड मोडली, आता नुसती दया उरली." नव्या पानावर, नव्या शाईत. सोमवारी संध्याकाळी, बाया घरात रडत असताना, कोपऱ्यात बसून तिनं ते पान पुन्हा लिहून काढलं होतं. कोंडाबाईच्या रानातलं सगळं गाळून.

"हे कुठनं आलं?"

"आत्याचा शब्द आहे, मामा."

"तिनं खोडायला सांगितला हुता."

"मी ते वाचलं नसतं तर आत्या रानात गेली नसती." ती रडत नव्हती, हेच मला जास्त लागलं. "मीच पाठवली तिला. आता तिचा शब्दपण मी खोडू? एवढं एकच राहिलंय तिचं यात."

भावकीतली एक म्हातारी दारात उभी होती. ती म्हणाली, "राहू दे बापू, मेलेल्या मानसाचा शब्द हाय. त्यावर रेघ मारू नये."

मी कुसुमला उठवलं आणि अंगणाच्या कडेला नेलं. तिथनं आमचं रान दिसतं. कोंडाबाई आणि त्याच सगळ्या बाया ऊन व्हायच्या आत येऊन आमच्या रानातल्या उरलेल्या कांद्याला वाकलेल्या होत्या. कुणी सांगायला आली नव्हती, कुणी हाक मारली नव्हती. हसणं नव्हतं. नुसते विळे चालले होते.

"त्या कशाला आल्यात?" मी विचारलं.

कुसुम बघत राहिली. "काल... आत्या त्यांच्याकडं..."

"तिचा कालचा दिवस फेडायला आल्यात. अर्धाच दिवस खपली ती, तरी आल्यात. मग सावड मोडली कुठं? दया कुठं हाय यात, दाखव मला."

तिनं हातातल्या पानाकडं बघितलं.

"आन् तुझ्या वाचण्यानं गेली न्हाई ती. तुझ्या वाचण्यानं त्या ओळीत जाऊन बसली. न्हाईतर याच घरात रुसून मेली असती." माझा आवाज चढला होता. चढू दे. "भागू चुकली हुती. मेली म्हून बरोबर होत न्हाई. आन् उरायला हा काय तिचा फोटू हाय व्हय? तुझा निबंध हाय."

"मला नाही मारवत, मामा." तिनं पेन माझ्यापुढं केलं.

मी पेन घेतलं. शाईचं पेन मी त्याआधी कधी धरलं नव्हतं. ओट्यावर पाट ठेवला, पाटावर कागद. 'सावड'पासून सुरुवात केली आणि 'उरली'पर्यंत रेघ ओढली, माझ्या बायकोच्या शब्दांवरनं, अक्षर न् अक्षर वाचत. रेघ वाकडी आली. मधे शाईचा ठिपका पडला. कुसुमनं रविवारचं पान दप्तरातनं काढलं आणि शेजारी बसून ते पुन्हा उतरवायला घेतलं. मी रेघ मारलेला कागद दोन्ही हातांनी धरून उन्हात उभा राहिलो, शाई वाळेपर्यंत.